विंडोज उघडत नाही: रिपेअर, रिस्टोर की थेट रिसेट?

आमच्या शेजारी लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांचं छोटं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एका सकाळी त्यांचा कॉम्प्युटर लोगोपर्यंत यायचा, ठिपके गोल गोल फिरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ‘फॉरमॅट मारून टाका’ असं तोवर दोघांनी सांगून झालं होतं. मी पोचलो तेव्हा निळ्या पडद्यावर मेनू उघडा होता आणि काका विचारत होते, “यातलं कुठलं दाबू?”

प्रश्न रास्त होता. विंडोज १० आणि ११ च्या त्या मेनूत पाच-सहा पर्याय सारख्याच दिमाखात मांडलेले असतात, परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. मी ते एकाच निकषावर लावतो: हा उपाय केल्याने माझं काय जाईल?

मेनू सहसा लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणं फसलं की आपोआप येतो. नाही आला तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरायचं, असं दोन-तीनदा. त्याआधी पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या सेटिंग्जमध्ये, आतली डिस्कच दिसत नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, दुखणं हार्डवेअरचं आहे.

स्टार्टअप रिपेअर पहिला, कारण त्यात जाण्यासारखं काही नाही. तो विंडोज सुरू करून देणाऱ्या फाइली आणि नोंदी तपासतो. तिथला बिघाड असेल तर काम होतं, नाहीतर ‘दुरुस्ती करता आली नाही’ असं सांगून मोकळा. एकदा करून बघा. तोच पाच वेळा चालवणारे लोक मी पाहिलेत, पाचव्यांदाही उत्तर तेच येतं.

आदल्या रात्री अपडेट झालं असेल तर मात्र रिपेअरवर वेळ न घालवता ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ गाठा. नेहमीचं ‘क्वालिटी अपडेट’ काढल्याने तुमच्या फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. मोठं ‘फीचर अपडेट’ मागे घ्यायला साधारण दहा दिवसांचीच मुदत असते. नवा प्रिंटर किंवा ड्रायव्हर टाकल्यावर घोळ झाला असेल तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ४ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जा आणि तो ड्रायव्हर काढा.

कमांड प्रॉम्प्ट म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी. फायदाही मोठा, धोकाही मोठा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन आडवी झाली, तेव्हा खूपशा मशिनवर हाताने एकच फाइल उडवावी लागली, सेफ मोडमधून किंवा याच काळ्या खिडकीतून. पण इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल. विंडोजची सुरुवात दुरुस्त करायची जुन्या व्हिडिओंतली ‘बूटरेक’ची कमांड नव्या मशिनवर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणते, तिथे ‘बीसीडीबूट’ बरी. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर डिस्क तपासणारी ‘चेकडिस्क’ कमांड चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला ती शेवटची धाव ठरू शकते.

मी काळी खिडकी उघडतो ती बहुतेकदा एका वेगळ्याच कामासाठी. तिथे ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर दाबायचं, फाइल मेनूतून ‘ओपन’, खाली ‘ऑल फाइल्स’. समोर सगळे फोल्डर हजर! राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, पडदा गोठल्यासारखा वाटतो, पण कॉपी चालू असते. काकांच्या पत्रिकांचं फोल्डर असंच बाहेर काढलं आणि मगच पुढे गेलो.

आता खरी निवड: सिस्टम रिस्टोर की रिसेट? रिस्टोर विंडोजला आधीच्या एखाद्या दिवसावर नेतो. तुमच्या फाइलींना हात लावत नाही, त्या दिवसानंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर तेवढे जातात. कोणते जाणार त्याची यादी आधीच बघता येते. अडचण एकच, रिस्टोर पॉइंट, म्हणजे त्या दिवशी जपून ठेवलेली विंडोजची स्थिती, असावा लागतो, आणि अनेक मशिनवर ही सोय बंदच असते.

रिसेट म्हणजे विंडोज नव्याने बसवणं. त्यातलं ‘कीप माय फाइल्स’ हे नाव फार गोड आहे. डॉक्युमेंट्स, फोटो राहतात हे खरं, पण वरून टाकलेला सॉफ्टवेअर सगळा जातो, आणि विंडोजच्या फोल्डरात बसवलेले फाँटही. काकांच्या पत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटांत. फाइल राहिली असती, पण उघडल्यावर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली असती. डीटीपी, अकाउंटिंग, दवाखान्याचं बिलिंग असं काही मशिनवर असेल तर रिसेट सगळ्यात शेवटी. घरच्या लॅपटॉपवर फक्त ब्राउझर आणि मुलांचे प्रोजेक्ट असतील तर खुशाल करा, रिस्टोरच्या मागे लागण्यापेक्षा लवकर सुटाल. रिसेटमधलं ‘क्लाउड डाउनलोड’ विंडोज इंटरनेटवरून उतरवतं आणि ४ जीबीहून जास्त डेटा खाऊ शकतं, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर त्या वाटेला जाऊ नका.

यातल्या बऱ्याच वाटांवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, आडवा येऊ शकतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघा. ती कुठेच नसेल तर त्या डिस्कवरच्या फाइली विसरा.

काकांच्या मशिनवर अपडेट काढूनही फरक पडला नाही. रिस्टोर पॉइंट निघाला गुरुवारचा, आणि तासाभरात पत्रिका फाँटसकट उघडली. असा मेनूच आला नसता तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करावा लागला असता. त्यावरून सुरू केल्यावर समोर ‘इन्स्टॉल’ येतं, ते न दाबता ‘रिपेअर’ शोधायचं. हेच सगळे पर्याय तिथेही मिळतात, रिसेट तेवढा बऱ्याचदा नसतो.