सात रस्त्याजवळची हाडांच्या घनतेची तपासणी: मशीनला पाच, फोनला शून्य

आधी तक्रार. फोनवर साडेनऊची वेळ दिली, पण आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही हे कुणी सांगितलं नाही. मी कडक भाकरी-दही खाऊन, वर गोळी घेऊन हजर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, उद्या या." जुळे सोलापूरहून रिक्षाचे दीडशे पाण्यात, वर एप्रिलचं ऊन.

दुसऱ्या दिवशी मात्र काम चोख. बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवलं, उताणी झोपले, पाय फोमच्या ठोकळ्यावर. कंबर आणि खुबा मिळून पंधरा मिनिटं. आमच्या ह्यांना एक्स-रेच्या किरणांची धास्ती. म्हटलं, अंतराळ स्थानकात माणूस एका दिवसात अर्धा मिलीसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांचं माप) तरी घेतो, त्यापुढे हे दर्यात खसखस.

३१ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे पडल्यापडल्या तेच डोक्यात. नासा हीच तपासणी अंतराळवीरांची उड्डाणाआधी आणि परतल्यावर करते. तिथे वजनच नाही, मग खुब्यावर, कमरेवर भार येत नाही. हाड झिजतं तेवढं भरून निघत नाही. व्यायाम कमी पडला तर खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का उतरतं. पाळी गेलेल्या बाईचं वर्षात जातं, साधारण तेवढं महिन्यात! सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणून मुतखड्याचीही भीती. सुनीता विल्यम्स गेल्या वेळी २८६ दिवस वर होत्या. रोजचा दोनेक तासांचा व्यायाम तिथे हौसेचा नसतो.

आता रिपोर्ट. कमरेचा टी-स्कोर उणे २.१. डॉक्टर दोन मिनिटं बोलले: ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं नेहमीपेक्षा विरळ, पण अजून ठिसूळ म्हणण्याइतकी नाहीत; गोळी चालू ठेवा. टी-स्कोर म्हणजे माझी तुलना तरुण, निरोगी माणसांच्या सरासरीशी. ती तिशीतली मुलगी मी कधीच मागे सोडली! अंतराळवीराचं हाड त्याच्याच आधीच्या हाडाशी ताडून बघतात, म्हणून उतार कळतो. मलाही तेच हवं होतं. २०२२ चा रिपोर्ट पिशवीतून काढला, डॉक्टरांनी घडीसुद्धा उलगडली नाही. माझ्या आईचा खुबा न्हाणीघरात घसरून मोडला होता, मी कधी पडले का, स्टेरॉइड घेतलं का, हेही कुणी विचारलं नाही. धोका जोखायचा तर या गोष्टी नकोत का?

जुना रिपोर्ट शेवटी पाहिला तो तपासणी करणाऱ्या मुलीनं. "काकू, हे दुसऱ्या मशीनवरचं आहे, आकडे सरळ वजा करता यायचे नाहीत. दोन वर्षांनी इथेच या, मग फरक कळेल." एवढं सरळ उत्तर मला तिथे फक्त तिनंच दिलं.

पंधराशे रुपये, पाचपैकी साडेतीन. तिच्या शब्दाखातर दोन वर्षांनी जाईन, आदल्या दिवशीची गोळी न घेता.