डायनॅमिक आणि बूस्टर, की सरळ कंडेन्सर?

इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, घेऊन झाला, केबल आली, आता माइकपाशी गाडी अडली आहे, अशा घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पुण्यात हा विषय काढला की बहुतेक जण सांगतात, ‘फ्लॅटमध्ये कंडेन्सर नको, सगळा रस्ता आत येतो. डायनॅमिक घे, लेव्हल कमी पडली तर बूस्टर लाव.’ डायनॅमिक आणि कंडेन्सर हे माइकचे दोन प्रकार, कंडेन्सर जास्त संवेदनशील; बूस्टर म्हणजे माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावून आवाज वाढवणारी छोटी डबी. सल्ला चुकीचा नाही. मी दोन्ही वापरून पाहिले. आज माझ्या स्टँडवर कंडेन्सर आहे.

आधी लेव्हलचं, म्हणजे माइककडून येणाऱ्या सिग्नलच्या जोराचं बघू. शुअर एसएम58 हा डायनॅमिक माइक एक पास्कल ध्वनिदाबाला 1.85 मिलिव्होल्ट देतो. रोडचा एनटी1-ए हा कंडेन्सर तेवढ्याच आवाजाला 25 मिलिव्होल्ट देतो. म्हणजे फरक बावीस-तेवीस डेसिबलचा. क्लाउडलिफ्टर, फेटहेड यांसारखे बूस्टर साधारण 25 डेसिबल वाढवतात ते हाच खड्डा भरायला. ते इंटरफेसमधूनच 48 व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) घेतात, त्यामुळे वेगळा अडॅप्टर लागत नाही. बूस्टर नसताना हळू आवाजाच्या गाण्याला गेनचा, म्हणजे इंटरफेसवर लेव्हल वाढवायचा नॉब पार शेवटापर्यंत न्यावा लागायचा आणि तिथे हिस, म्हणजे बारीक सळसळ सुरू व्हायची. बूस्टर लावल्यावर नॉब मध्यावर आला, हिस गेली. निव्वळ पुरेशी लेव्हल मिळण्याचा प्रश्न असेल, तर दोन्ही मार्ग सारखेच पोचवतात.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडे. मी मुख्यतः ताईचं गाणं रेकॉर्ड करतो: ख्याल, अधूनमधून भावगीत. डायनॅमिकचा फायदा, म्हणजे बाहेरचं मागे पडणं, हवा असेल तर तोंड माइकपासून चार बोटांवर ठेवावं लागतं. आणि ख्याल गाणारं माणूस एका जागी थांबत नाही. आलापीत ती पुढे झुकते, तान घेताना मान वळते, समेवर येताना हात उठतो आणि त्याबरोबर खांदेही. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. दोन इंचांवरून चार इंचांवर गेलं की झालंच ते, आणि गाताना दोन इंच म्हणजे काहीच नाही. शिवाय इतक्या जवळून खर्ज फुगतो, म्हणून ती मागे सरकली की आवाजाची जातही बदलते. लेव्हल नंतर हाताने सारखी करता येते, मी कित्येक संध्याकाळी एकेक तान उचलून वरखाली करत बसलोय. पण मंद्रातला भरीवपणा एका ओळीत आहे आणि पुढच्या ओळीत नाही, हे फेडरने, म्हणजे लेव्हल वरखाली करायच्या पट्टीने कसं भरून काढणार?

‘ताई, मान जरा स्थिर ठेव ना,’ असं मी सांगून पाहिलं. ‘मग गाऊ कशी?’ ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

कंडेन्सर मी तिच्यापासून फूटभर, कपाळाच्या उंचीवर, तोंडाकडे कलता लावतो. तिथे ती दोन इंच मागे गेली तरी फरक जेमतेम दीड डेसिबलचा, कानाला जाणवतसुद्धा नाही. लेव्हल लावताना मी तिला तार षड्जावरची सगळ्यात जोरकस तान घ्यायला सांगतो आणि तो शिखरबिंदू मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवतो (शून्य ही वरची मर्यादा). मनापासून गाताना आवाज चाचणीपेक्षा नेहमीच चढतो, तेवढी जागा हवीच. 24 बिटला रेकॉर्ड करत असाल तर लेव्हल कमी वाटली म्हणून घाबरू नका, नंतर वाढवता येते. क्लिप झालेली, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेली तान मात्र परत मिळत नाही.

आता रस्त्याचं. आम्ही नारायण पेठेत राहतो. गणपती जवळ आले की संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तो कंडेन्सरमध्ये येतो. नाकारत नाही. पण डायनॅमिक बहिरा असतो असं नाही. तो तोंडाजवळ असतो म्हणून बाहेरचं मागे पडतं. तोच फूटभर दूर ठेवून गेन चढवा, ढोल तिथेही ऐकू येतील. म्हणून मी वेळ बदलली. पहाटे साडेपाचला पंखा बंद करून, खिडकीला जाड गोधडी लावून आणि कपड्यांचं कपाट माइकच्या समोर, ताईच्या पाठीशी उघडं ठेवून बसतो. पाण्याचा पंप सुरू व्हायच्या आत दोन बंदिशी होतात.

तुमचं काम बोलण्याचं असेल, म्हणजे कथावाचन किंवा पॉडकास्ट, आणि घर रस्त्याला लागून असेल, तर मी स्वतः डायनॅमिकच सुचवेन. वाचताना माणूस जागचा हलत नाही. तेव्हाही बूस्टर लगेच घेऊ नका. आधी नेहमीच्या आवाजात वाचून बघा, जवळून बोलणाऱ्याला बऱ्याचदा इंटरफेसचा गेन पुरतो. हार्मोनियम तर बूस्टरशिवाय आरामात भरते. पण गाणारं माणूस हलणारं असेल आणि दिवसातला एखादा शांत तास हाताशी असेल, तर बूस्टरचे पैसे कंडेन्सरमध्ये घाला, असं मला वाटतं. घेण्याआधी कुणाचा तरी उसना आणा, आणि चाचणीला बोलू नका, गाऊन घ्या.