तिथी पाहून आखलेली कोकण किनाऱ्याची सहल : ठाण्यातील एका नियोजन सेवेचा अनुभव

समुद्रकिनारी तंबूतला मुक्काम आणि गावातल्या घरांमधली राहण्याची सोय ठरवून देणारे एक लहानसे कार्यालय ठाण्यात नौपाड्यात आहे. मार्च महिन्यात आम्ही दोन कुटुंबांनी त्यांच्याकडून दिवेआगर, हरिहरेश्वर आणि वेळास असा प्रवास आखून घेतला. सहली ठरवून देणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. परंतु भरती-ओहोटीचा हिशेब आधी मांडून मगच तारखा सुचवणारी सेवा मला तरी ही पहिलीच भेटली.

आमचा आग्रह पौर्णिमेच्या रात्री तंबूत राहण्याचा होता आणि कार्यालय चालवणाऱ्या ताईंनी त्याला स्वच्छ नकार दिला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी आम्हाला कागदावर करून दाखवला. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येते, म्हणजे माणसे गाढ झोपेत असताना उधाणाचे पाणी सुरूच्या बनाकडे चढत असते. सप्तमी-अष्टमीला मात्र भांगाची भरती असल्यामुळे पाणी तितके वर येत नाही, शिवाय अष्टमीची भरती सहाच्या सुमारास असल्याने दुपारी बाराला ओहोटी मिळते. म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्यातील सप्तमीची रात्र तंबूसाठी आणि अष्टमीची दुपार हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेसाठी राखली. तिथला प्रदक्षिणामार्ग डोंगरकड्यातील पायऱ्या उतरून लाटांनी झिजलेल्या खडकांवरून जातो आणि तो ओहोटीच्या वेळीच करायचा असतो. आम्ही खाली उतरलो तेव्हा पाणी बरेच मागे हटलेले होते आणि मुलांना खडकांवरची जाळीदार नक्षी निवांत पाहता आली.

दिवेआगरला तंबू लावणाऱ्या तरुणाचे काम पाहण्यासारखे होते. गेल्या उधाणाने वाळूवर सोडलेली शिंपल्यांची आणि काटक्यांची रेघ त्याने आधी शोधली आणि तिच्याही बऱ्याच वर, सुरूंच्या मुळांपाशी जागा धरली. कोरड्या वाळूत खुंट्या टिकत नाहीत, म्हणून वाळूने भरलेल्या पिशव्या आडव्या पुरून त्यांना त्याने दोर बांधले, आणि रात्रभर वारा असूनही कापड सैल पडले नाही. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार असल्यामुळे तोवर आकाश ताऱ्यांनी भरून गेले होते. पौर्णिमा हुकल्याची रुखरुख तिथेच संपली. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातली असंख्य झाडे पडली असल्याने सावली विरळ आहे, त्यामुळे ऊन चढण्याच्या आत तंबू सोडावा लागेल, हे आम्हाला निघण्यापूर्वीच कळवले होते.

जेवण मात्र निराशाजनक होते. ताजी मासळी मिळणाऱ्या गावात तंबूवाल्यांनी पनीर आणि नूडल्स वाढावेत, हे मला अजिबात पटले नाही. स्वच्छतागृहही तंबूंपासून इतके लांब होते की रात्री लहान मुलांना घेऊन जाताना त्रास झाला.

वेळासला ही कसर भरून निघाली. बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली की आंबेतच्या पुलाचा वळसा वाचतो. मुक्काम एका शेणाने सारवलेल्या अंगणाच्या घरात होता, आणि घरच्या काकूंनी केलेल्या आमटी-भाताची, सोलकढीची चव अजून आठवते. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणासाठी वेळास ओळखले जाते. मादीने घातलेली अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत पुरून ठेवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. घरट्यावर ठेवलेली टोपली कार्यकर्ते सकाळी आणि संध्याकाळी उचलतात; पिल्ले निघाली असतील तर ती समुद्राकडे सोडली जातात. पिल्ले दिसतीलच असे आश्वासन ताईंनी दिले नव्हते, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. संध्याकाळची टोपली रिकामी निघाली; सकाळी मात्र इवली पिल्ले ओल्या वाळूवरून सरपटत लाटेपर्यंत गेली आणि दोरीमागे उभी असलेली आमची मुले बराच वेळ बोललीच नाहीत.

नियोजनाचे शुल्क आणि मुक्कामाचे पैसे वेगवेगळे आकारले जातात, तेव्हा दोन्हींचा तपशील लेखी मागून घ्यावा. घरात वयस्कर माणसे असतील तर तंबूऐवजी दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाडीतले घर मागावे. ते किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि नोंदणीच्या वेळी सांगितल्यास तशी सोय केली जाते.