बाळाची गादी: ब्रिटनचा नियम की कॅलिफोर्नियाचा?

फर्निचर आणि गाद्या सहज पेटू नयेत यासाठीचा ब्रिटनचा 1988 चा कायदा धगधगत्या अनुभवातून आला. 1979 साली मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागली आणि त्या विषारी धुरात 10 जण गेले. म्हणून तिथे सिगारेटची धगच नाही, तर उघडी ज्योतही फर्निचरने सोसली पाहिजे असा दंडक बसला. त्यासाठी उत्पादकांनी बहुधा ज्वालारोधक रसायनांचा आधार घेतला.

कॅलिफोर्नियातही 1975 पासून फोमला 12 सेकंद ज्योत लावून पाहत. 2013 मध्ये हा नियम बदलला: आता सिगारेटसारख्या धुमसत्या आगीची चाचणी होते. कारण साधं आहे. आग आधी कापडाला लागते, आतल्या फोमला नंतर. शिवाय फोममधली रसायनं हळूहळू धुळीत उतरतात, आणि रांगणारं बाळ तोच हात तोंडात घालतं. 2020 पासून तर तिथे लहान मुलांच्या वस्तूंत आणि गादीच्या फोममध्ये अशी रसायनं दर दहा लाख भागांत 1000 भागांपेक्षा जास्त असलेला माल विकायला बंदी आहे.

मला कॅलिफोर्नियाची वाट पटते, निदान बाळाच्या वस्तूंपुरती. तान्हं बाळ काही अंथरुणात सिगारेट ओढत नाही! ब्रिटननेही 2025 मध्ये बाळांच्या बऱ्याच वस्तू या कायद्यातून वगळल्या. मोठ्यांच्या सोफ्याबाबत मात्र माझं मन अजून मँचेस्टरच्या त्या धुराशी अडतं. लंडनला किंवा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला नातवंडासाठी खरेदी करताना लेबल उलटून नक्की वाचा. आणि घरात धूर ओळखणारा अलार्म आधी बसवा.