'ट्रेडेबल' म्हणजे 'खरी' नव्हे: डिस्ने पिनांच्या नादात २४० डॉलर ९४ सेंट घालवले

आधी आकडाच सांगून टाकतो म्हणजे तुम्ही हसून मोकळे व्हाल. २४० डॉलर ९४ सेंट. आई सध्या साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत एडिसनला आलीय, तिने मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाली, "अरे, वीस हजार रुपये? बिल्ल्यांना? आपल्याकडे इलेक्शनला फुकट वाटतात की रे." आता यावर काय बोलणार.

मी काही अगदीच येडा नाहीये हो. १४ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय, दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेतो. मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करत नाही, कोणाला ओटीपी सांगत नाही. आणि गंडलो कशात, तर कार्टूनच्या पिनांमध्ये.

झालं असं की जुलैमध्ये ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं ठरलं आणि माझ्या ९ वर्षांच्या लेकीला पिन ट्रेडिंगचं वेड लागलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डला मिलेनियम सेलिब्रेशनच्या वेळी हे सुरू झालं, गळ्यात पट्टा, पट्ट्याला पिना, आणि पार्कातल्या कास्ट मेंबरच्या, म्हणजे डिस्नेच्या कर्मचाऱ्याच्या, पट्ट्यावरची आवडली की आपली एक द्यायची आणि ती घ्यायची. एकास एक, पैशाचा संबंध नाही. मुलं लाजत लाजत अनोळखी माणसाशी बोलायला शिकतात, मला खरंच आवडलं होतं. पण दुकानात एक पिन दहा डॉलरच्या वरच, मग ट्रेड करायला रोज वीस-तीस पिना कुठून आणणार? म्हणून सगळे जे करतात तेच मी केलं, ऑनलाइन लॉट, म्हणजे घाऊक गठ्ठा, घेतला. १०० पिना, ६८.९९, शिपिंग ५.९५. म्हणजे ७४.९४.

आता हिशोब तुम्हीच करा, एक पिन ६९ सेंटला. बारा डॉलरची वस्तू ६९ सेंटला कोण देतं? कोणीच देत नाही, मला पण माहीत होतं. पण वर्णनात लिहिलं होतं "१०० टक्के ट्रेडेबल, एकही डबल नाही". ट्रेडेबल, म्हणजे अदलाबदल करता येईल एवढंच! अख्ख्या पानावर 'ओरिजिनल' किंवा 'ऑथेंटिक' हा शब्द कुठेच नव्हता, हे मी नंतर जाऊन बघितलं. पट्ठ्याने खोटं काही लिहिलंच नव्हतं. 'ट्रेडेबल' हा शब्द दिसला की पान बंद करा.

पाकीट आलं तर एका झिपच्या पिशवीत शंभर पिना एकावर एक कोंबलेल्या, एकाही पिनेला कार्ड नाही, आणि उघडल्या उघडल्या ऑइल पेंटचा भपकारा. लेकीने एक स्टिच (कार्टूनमधला तो निळा, मोठ्या कानांचा) उचलला आणि म्हणाली, "बाबा, याच्या कानाचा रंग बाहेर आलाय." नऊ वर्षांच्या पोरीला दिसलं. मी काय म्हणालो, तर "जुनी असेल गं, वापरलेली आहे ना."

पण हे ७५ डॉलर मी सोडून दिले असते. खरी जखम दुसरी आहे.

तिचा वाढदिवस ट्रिपमध्येच येत होता. तिला फिगमेंट भयंकर आवडतो, डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट पार्कचा तो जांभळा ड्रॅगन, पिवळ्या स्वेटरवाला. पिनवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये एकाने फिगमेंटची लिमिटेड एडिशन विकायला काढली होती, फक्त ५०० पिनांची. १६० डॉलर आणि वर ६ पोस्टाचे. मी म्हणलं मागची बाजू दाखवा, म्हणजे मी विचारलं होतं हं, विचारलं नाही असं नाही! त्याने दहा मिनिटात फोटो पाठवला.

आणि इथे मी अजून रात्री उठून स्वतःला शिव्या घालतो. पुढच्या बाजूचा फोटो होता लाकडी टेबलावर, आणि ड्रॅगनच्या शिंगाजवळ केसाएवढा बारीक चरा होता. मागच्या बाजूचा फोटो काळ्या कापडावर. उजेड वेगळा, खाली वस्तू वेगळी. मी झूम केला, मला दिसलं, माझं कामच ते आहे, आणि मी स्वतःलाच समजावलं की किचनमधून हॉलमध्ये गेला असेल माणूस. ऑफिसात असा स्क्रीनशॉट ज्युनिअरने दिला असता तर मी त्याला परत पाठवला असता. पुढची पिन आणि मागची पिन एकच आहे याचा काय पुरावा? काहीच नाही. विकणाऱ्याला सांगा, आजची तारीख चिठ्ठीवर लिही, पिन शेजारी ठेव आणि उलटसुलट करून व्हिडिओ पाठव. कुरकुर केली तर राम राम.

वर तो म्हणाला अ‍ॅपमधून 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने, म्हणजे घरच्यांना पाठवतो तसे, पाठव, फी वाचेल. वाचले असते थोडेसे डॉलर आणि तेही त्याचे. मी पाठवले. १६६.

पिन आली, शिंगाजवळ चरा नाही. मला आनंद झाला!! म्हणलं फोटोपेक्षा चांगली निघाली. काय म्हणायचं याला.

एपकॉटला दुसऱ्या दिवशी एका बाकावर एक साठीचे गृहस्थ पिनांचं भलंमोठं बाड उघडून बसले होते, लेक धावत गेली आणि गळ्यातला फिगमेंट दाखवला. त्यांनी तिला छान म्हणलं. मग ती दुसरी पानं बघत असताना मला हळूच म्हणाले हात पुढे करा, आणि तिची पिन नि त्यांची एक पिन माझ्या तळहातावर उलटी ठेवली. काही सांगायची गरजच पडली नाही. त्यांची वजनदार, आमची कोल्ड्रिंकच्या बुचासारखी. पाठीवर मिकीच्या डोक्यांची नक्षी असते बघा, त्यांच्या पिनेवर ती पार कडेपर्यंत गेलेली, कडेला अर्धी डोकी कापली गेलेली, जसं ताग्यातून कापड मधूनच कापावं तसं. आमच्या पिनेला चारी बाजूंनी गुळगुळीत पट्टी, साडीला काठ असतो तशी. कडेवरून अंगठा फिरवला तर आमची खरखरली. 'डिस्ने' ही अक्षरं त्यांच्यावर कोरल्यासारखी, आमच्यावर विरघळल्यासारखी. पिन फिरू नये म्हणून खिळ्याजवळ बारीक टोचा असतो तो आमच्यात नावालाच. मग सरळ केल्या तर जांभळ्यात निळी झाक, आणि स्वेटरचा पिवळा रंग मानेवर उतरलेला.

"स्क्रॅपर," ते म्हणाले. कारखान्यात बाद झालेला नाहीतर जास्तीचा काढलेला माल भंगारात जायच्या ऐवजी मागच्या दाराने बाहेर येतो, म्हणून हे नाव, आणि आता तर साचेच नक्कल करून बनवतात असं ते सांगत होते. मग विचारलं, केवढ्याला घेतली? मी म्हणालो चाळीस. धडधडीत खोटं. बायको शेजारीच उभी होती, तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

हे काठाचं लक्षण मात्र ब्रह्मवाक्य धरू नका, नक्कल करणारेही हुशार झालेत आणि सगळ्याच खऱ्या पिनांना ती नक्षी नसते. डिस्ने स्प्रिंग्सच्या (डिस्ने वर्ल्डचा बाजार) पिनांच्या दुकानातून एक खरी विकत घ्या आणि ती खिशात ठेवा, शेजारी धरल्याशिवाय काही कळत नाही. मी हे आधी केलं असतं तर बारा-तेरा डॉलरमध्ये भागलं असतं.

आता कबुली. तोपर्यंत लॉटमधल्या ११ पिना आम्ही कास्ट मेंबरना देऊन बसलो होतो. मला माहीत नव्हतं, देवाशपथ. आणि गंमत म्हणजे त्या बदल्यात आणलेल्या अकरापैकी सातांना तोच काठ! म्हणजे आमच्यासारखेच आधी येऊन गेले होते. आपलंच नाणं खोटं, ओरडायचं कुणाच्या नावाने.

घरी आल्यावर तक्रारी सुरू केल्या. लॉटवाल्या साईटने सांगितलं परत करायचे ३० दिवस संपले. अरे, मे मध्ये घेतल्या, जुलैत कळलं, मी काय पाकीट उघडल्या दिवशी भिंग घेऊन बसायचं होतं? नकली असल्याचा तज्ज्ञाचा लेखी पुरावा द्या म्हणाले. तज्ज्ञ! बाकावरच्या आजोबांकडून लेटरहेडवर आणू का? पैसे पाठवायच्या अ‍ॅपने कळवलं की फ्रेंड्स अँड फॅमिलीला संरक्षण नाही, तुम्ही तुमच्या मित्राशी बोला. मित्राशी! बँकेत ४० मिनिटं ते संगीत ऐकलं, मग बाई गोड आवाजात म्हणाल्या की व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. पोलिसांच्या साध्या नंबरवर लावला तर पलीकडच्याने पिन म्हणजे एटीएमचा पिन समजून पाच मिनिटं फॉर्म भरला, आणि बिल्ला आहे कळल्यावर म्हणाला हे दिवाणी प्रकरण आहे. ग्राहक खात्याला सगळे स्क्रीनशॉट, तारखा, रकमा जोडून अर्ज केला, सात आठवड्यांनी उत्तर आलं की आपली नोंद घेतली आहे. आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन, त्याने तर माझी पोस्टच उडवली, "इथे ड्रामा नको" म्हणून. फसवणाऱ्याचं खातं चालू, ओरडणाऱ्याची पोस्ट बंद. म्हणून सांगतो, अ‍ॅपमधल्या गुड्स अँड सर्व्हिसेसनेच, म्हणजे खरेदी म्हणूनच, पैसे द्या, फी आपल्या खिशातून गेली तरी चालेल. आणि पाकीट आलं की त्याच दिवशी तपासा, ट्रिपची वाट बघू नका.

लेकीला अजून त्या १६६ चं सांगितलेलं नाही, तिचा फिगमेंट दप्तराला आहे. लॉटमधल्या ८९ उरल्यात, बिस्किटांच्या डब्यात. आई म्हणतेय साताऱ्याला नेते, गल्लीतल्या पोरांना वाटते. नेऊ दे.

काल बायकोच्या अकाउंटवरून त्या ग्रुपमध्ये गेलो. तोच फिगमेंट, तेच लाकडी टेबल, शिंगाजवळ तोच चरा. आता १७५ म्हणतोय. खाली दोन जणांनी "इंटरेस्टेड" लिहिलंय.