जुन्या पबच्या छपराला वॉटर रीड की लाँग स्ट्रॉ?
इंग्लंडात सफोककडे लाकडी सांगाड्याची जुनी घरं आहेत ना, आधी पब असलेली, त्यांचं छप्पर बदलायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. रीड म्हणजे पाणथळीतला बोरू, नीट शाकारला तर ४०-५० वर्षं टिकू शकतो, लाँग स्ट्रॉ म्हणजे गव्हाचं काड, ते साधारण २०-३० वर्षं. टिकाऊपणात रीड पुढे, मान्य. पण काडाचं छप्पर कसलं गोलसर गुबगुबीत दिसतं, आणि जुन्यावरच नवा थर चढवत आलेत त्यामुळे काही घरांत अगदी खाली मध्ययुगातल्या उघड्या शेकोटीच्या धुराने काळं पडलेलं काड अजून सापडतं! रीडसाठी बऱ्याचदा जुनं सगळं उपसून टाकतात, ते मला बघवत नाही. शिवाय घर लिस्टेड, म्हणजे जपायच्या वारसा इमारतींच्या सरकारी यादीत असेल तर मटेरियल बदलायला परवानगी लागू शकते. माझं मत काडालाच.