३०० आंगस्ट्रॉमचा सी-१८ कॉलम: काही महिने इन्सुलिन चालवल्यानंतर

बायोफार्मास्युटिकल केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या एचपीएलसीसाठी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन कणांचा, ३०० आंगस्ट्रॉम छिद्रांचा सी-१८ कॉलम (१८ कार्बनच्या साखळ्यांचा थर दिलेल्या कणांनी भरलेली नळी) वेगळा मागवावा का? जरूर मागवावा. पॅरासिटामॉल-कॅफीनसाठी आणलेल्या १०० आंगस्ट्रॉमच्या कॉलमवर इन्सुलिन (५१ अमिनो आम्लं, सुमारे ५,८०८ डाल्टन) चालून जातं, पण लायसोझाइमसारखं मोठं प्रथिन लावलं की पीक (आलेखावरचा उंचवटा) पसरतो, कारण रेणूला छिद्रात धड शिरता येत नाही.

इन्सुलिनसाठी फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली) पद्धतच धरा. २८.४ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट एक लिटर पाण्यात, त्यात २.७ मिली फॉस्फोरिक आम्ल, इथेनॉलअमाइनने पीएच २.३. हे ७४ भाग आणि अ‍ॅसिटोनायट्राइल २६ भाग. प्रवाह १ मिली प्रतिमिनिट, कॉलमचं तापमान ४० अंश, मोजणी २१४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात. नमुना ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात.

खरी कसोटी त्या २६ भागांची. प्रथिन पृष्ठभागाला अनेक ठिकाणी एकदम चिकटतं, त्यामुळे अ‍ॅसिटोनायट्राइल एका टक्क्याने इकडेतिकडे झालं तरी पीक कित्येक मिनिटं सरकतो. लहान रेणूंवर हात बसलेल्या विद्यार्थ्यांना हे पटकन पटत नाही. बाटली उघडी ठेवली की अ‍ॅसिटोनायट्राइल उडतं आणि दुपारचा पीक सकाळपेक्षा उशिरा येतो; कॉलम बिघडला असं समजून लोक उगाच घाबरतात. बाटलीला झाकण लावा, मिश्रण रोज ताजं करा. मुख्य पीकनंतर लगेच येणारा छोटा पीक ए२१ डेसअमिडोचा (इन्सुलिनच्या थोड्या बिघडलेल्या रूपाचा). दोघांतलं रिझोल्यूशन (पीक एकमेकांपासून किती सुटे झाले याचं माप) किमान २ हवं. ते घसरलं तरच कॉलमवर संशय घ्या.

मेडिकलमधली ४० आययूची व्हायल वापरलीत तर त्यात टिकण्यासाठी घातलेल्या एम-क्रेसॉलचाही पीक दिसेल. तो अशुद्धी म्हणून मोजू नका.

पुण्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एप्रिलमध्ये एसी नसलेली खोली ३७-३८ अंशांवर जाते, तेव्हा कॉलमच्या ओव्हनला ४० अंश स्थिर ठेवणं जमत नाही. खोली निदान पाच अंशांनी थंड हवी. दुसरं, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. पंप बंद पडून सल्फेट आत राहिलं, तर पंपाच्या प्लंजरवर (पुढेमागे सरकणाऱ्या दांड्यावर) स्फटिक जमतात आणि सील खरवडतं. यूपीएस नसेल तर बुधवारी संध्याकाळीच कॉलम धुऊन ठेवा.

धुण्याचा क्रम चुकला की कॉलम गेलाच म्हणून समजा. सल्फेट आत असताना थेट ८० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं तर मीठ तिथेच बसतं आणि दाब चढतो. आधी ९५:५ पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइल ३० मिली; कॉलममधली मोकळी जागा पावणेतीन मिलीच्या आसपास असते, म्हणजे हे दहाएक पट झालं. मग ७० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल ३० मिली, आणि त्यातच टोकं घट्ट बंद करून ठेवा. निव्वळ पाणी नको, सी-१८ चा थर ओला राहत नाही.

दाब हळूहळू वाढत असेल तर बहुधा नमुना गढूळ असतो, ०.२२ मायक्रॉन फिल्टर लावा. पीव्हीडीएफचाच घ्या, नायलॉन प्रथिन धरून ठेवतो. गार्ड कार्ट्रिज (कॉलमच्या आधी बसणारा छोटा संरक्षक तुकडा) कॉलमसोबतच मागवा, आणि तेही ३०० आंगस्ट्रॉमचंच.